पडल्यावर उठण्याची विद्या

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारा एक अध्यापक. माझा आणि मुष्टियुद्धाचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल, आणि तसे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. शाळेत असताना एकदा मी नाकावर ठोसा खाल्ला होता आणि तो परत करण्याचे धैर्य मला झाले नव्हते, एवढाच काय तो माझा अनुभव! तरीही आज मी तुमच्याशी मुष्टियोद्ध्यांविषयी बोलणार आहे. त्या वाटेला मला लावले ते माझ्या एका विद्यार्थ्याने.

हा मुलगा आमच्या वर्गातला सर्वांत हुशार. इतरांनी चारदा वाचावे ते याने एकदा वाचावे. मी चारचौघांत सांगत असे, की हा पहिला येणार. त्याच्या वडिलांनाही सांगितले होते. परीक्षेच्या पहिल्याच पेपरात पहिलाच प्रश्न अनपेक्षित आला. मुलगा पाऊण तास कोऱ्या पानाकडे बघत बसला, मग उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हाती देऊन निघून गेला. पुढच्या पेपरांना तो आलाच नाही. पुढे भेटला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "सर, बाकीचं सगळं येत होतं हो मला. पण पहिलाच गेला म्हटल्यावर हातच चालेना."

"हातच चालेना!" हे शब्द माझ्या मनातून जाईनात. असे शब्द मी दुसऱ्या कुणाच्या संदर्भात तरी अनुभवले आहेत, असे वाटत राहिले. मग आठवली ती एका लढतीची फिल्म. ११ फेब्रुवारी १९९० रोजी जपानची राजधानी टोकियो येथे झालेली माइक टायसन आणि जेम्स डग्लस यांची लढत. तिथेही एका मोठ्या गुणवंताचा हात असाच चालेनासा झाला होता.

टायसनचे नाव तुम्ही ऐकलेले असणारच. १९६६ साली न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात त्याचा जन्म झाला. वडील घर सोडून गेलेले, वस्ती दारिद्र्याची आणि मारामारीची. पोराला माया कसली होती, तर कबुतरांची. एका दांडग्या मुलाने त्याच्या कबुतराची मान पिरगाळली आणि त्या रागात आपण पहिल्यांदा कुणावर तरी हात उगारला, असे टायसनने पुढे अनेकदा सांगितले आहे. चोऱ्यामाऱ्या करून पोर सुधारगृहात गेले. तिथल्या एका शिक्षकाने त्याच्या अंगातली ताकद ओळखली आणि त्याला कॅट्स्किल नावाच्या गावी एका म्हाताऱ्या गुरूकडे नेऊन उभे केले. या गुरूचे नाव कस डामाटो.

डामाटो हा विलक्षण माणूस. ठोसे कसे मारावे हे तो शिकवीच; पण त्याचा खरा विषय होता भीती. त्याच्या शिकवणीचा मथितार्थ असा, की भीती ही विस्तवासारखी आहे. ताब्यात ठेवली तर चुलीत जळून तुमचा स्वयंपाक करील, ताब्यातून सुटली तर घर जाळील. शूर आणि भ्याड या दोघांनाही भीती सारखीच वाटते. फरक पडतो तो पुढे काय करायचे यात. आम्ही मानसशास्त्राचे लोक जे सांगायला चार प्रकरणे खर्च करतो, ते या म्हाताऱ्याने चुलीच्या एका दाखल्यात बसवले!

१९८२ साली टायसन कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तेव्हाचे एक चित्रण आजही पाहायला मिळते. हा धिप्पाड मुलगा लढतीच्या आधी बाहेर उभा राहून हमसून हमसून रडतो आहे. टेडी ॲटलस नावाचा त्याचा तरुण प्रशिक्षक त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला समजावतो आहे. मग हाच मुलगा आत गेला आणि त्याने प्रतिस्पर्ध्याचा चुराडा केला. हरलो तर मी कुणाचाच उरणार नाही, ही भीती त्याला होती. ती भीती त्याच्या स्वभावातून कधी गेली नाही. तिला आवरून धरायला कुणीतरी शेजारी उभे होते, म्हणून ती चुलीत राहिली.

याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. टायसनच्या गैरवर्तनाला कडक शिस्त लावावी असा ॲटलसचा आग्रह होता. गुरूने मात्र शिष्याची बाजू घेतली, आणि ॲटलसला तिथून जावे लागले. डामाटोचे वय झाले होते. डोळे मिटण्यापूर्वी आपल्या हातून आणखी एक जगज्जेता घडावा, याची त्याला घाई होती, असे ॲटलसचे म्हणणे. ही घाई मला फार ओळखीची वाटते. 'हा पहिला येणार' असे जो चारचौघांत सांगत सुटतो, त्या मास्तराची घाई आणि ही घाई एकाच जातीची.

४ नोव्हेंबर १९८५ रोजी डामाटो वारला. टायसनची आई आधीच गेली होती आणि डामाटोच त्याचा कायदेशीर पालक झाला होता. पण गुरूने दिलेला वेग अजून अंगात होता. पहिल्या १९ लढती टायसनने प्रतिस्पर्ध्याला गारद करून जिंकल्या, आणि त्यातल्या १२ पहिल्याच फेरीत. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत लोळवून तो हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला. वय वर्षे वीस! या गटात इतक्या लहान वयात हे पद कुणी मिळवले नव्हते, आणि त्यानंतरही आजवर कुणी मिळवलेले नाही. १९८८ च्या जूनमध्ये तर त्याने मायकेल स्पिंक्स या अजिंक्य योद्ध्याला अवघ्या ९१ सेकंदांत आडवे केले. चहा कपात ओतून तो निवेपर्यंत लढत संपलेली!

आता इथे जरा थांबा. ९१ सेकंदांत जिंकणाऱ्या माणसाच्या मनाची परीक्षा केव्हा होणार? तालमीत जो पहिलवान समोरच्याला हात मिळवताच चीत करतो, त्याचा दम किती आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. टायसन काही लढती शेवटच्या फेरीपर्यंतही लढला होता. पण त्यांतही मार खाऊन, मागे पडून, मग सावरण्याची पाळी त्याच्यावर आली नव्हती. त्याच्याकडे पाहूनच समोरच्याचे पाय लटपटत. या लटपटण्याला लोक टायसनचे मनोबल म्हणत. माझ्या मते ते समोरच्याच्या मनाचे दुबळेपण होते, आणि टायसन त्यावर गुजराण करीत होता.

गुरू गेल्यानंतर आधाराचे खांब एकेक करून निखळले. १९८८ च्या मार्चमध्ये त्याचा व्यवस्थापक जिम जेकब्स वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस, डामाटोच्याच तालमीत तयार झालेल्या केव्हिन रूनी या प्रशिक्षकाला टायसनने काढून टाकले. भोवती नवी माणसे आली, पैसा आला, रात्रीची जागरणे आली. टोकियोला जाताना आपण नीट तयारी केली नव्हती, हे त्याने स्वतःच पुढे कबूल केले आहे. तिथे सरावाच्या लढतीत त्याला ग्रेग पेजने एकदा खाली पाडलेही होते. पण काळजी कोणाला? डग्लस जिंकेल यावर पैसे लावणाऱ्याला लास व्हेगासचे एक जुगारघर एकास बेचाळीस असा भाव देत होते!

हा डग्लस कोण? ओहायो राज्यातल्या कोलंबस गावचा, एका मुष्टियोद्ध्याचाच मुलगा. अंगात कौशल्य पुष्कळ, पण 'ऐन वेळी कच खातो' अशी ख्याती. १९८७ साली एका अजिंक्यपदाच्या लढतीत चांगला खेळत असताना तो दहाव्या फेरीत ढेपाळला होता. अशा माणसाची आई टोकियोच्या लढतीपूर्वी तेवीस दिवस वारली. लढत पुढे ढकलली असती तर कुणी नावे ठेवली नसती. तो ठरल्या दिवशी टोकियोच्या रिंगमध्ये उभा राहिला.

फिल्म पाहा, म्हणजे तुमच्या लक्षात येईल की पहिल्या फेरीपासून डग्लस घाबरलेला नाही. लांब हाताने तो सारखा डावा ठोसा मारत राहतो आणि टायसनला जवळ येऊ देत नाही. टायसनचा डोळा सुजत जातो. सूज दाबायचे थंडगार लोखंडही त्याच्या माणसांनी बरोबर आणलेले नव्हते. रबरी हातमोज्यात बर्फाचे पाणी भरून ते वेळ मारून नेत होते. आठव्या फेरीचे अखेरचे काही सेकंद उरले असताना टायसनचा उजवा ठोसा खालून वर येतो आणि डग्लस कोसळतो. पाहणाऱ्यांना वाटते, संपले! पण डग्लस जमिनीवर मूठ आपटतो, स्वतःवरच चिडल्यासारखा. पंचाच्या आकड्यांकडे नजर ठेवतो आणि नवाच्या आकड्याला उठतो. पंचाने मोजायला उशीर केला, असा वाद नंतर घालण्यात आला. पण पडलेल्या माणसाने पंचाची बोटे पाहायची असतात, आणि डग्लस तीच पाहत होता.

दहाव्या फेरीत डग्लसच्या ठोशांच्या माऱ्याखाली टायसन व्यावसायिक लढतीत पहिल्यांदा खाली पडला. त्यानंतरचे दृश्य जगाने पाहिले. जगज्जेता हातापायांवर रांगतो आहे, तोंडातून पडलेले दातांचे रबरी कवच चाचपडतो आहे. ते सापडते, तर त्याचे एक टोक कसेबसे दातांत धरून तो उठू पाहतो. तेवढ्यात दहा आकडे पुरे होतात.

मित्रहो, या दृश्याला हसू नका. त्या क्षणी टायसन पळाला नाही, उठण्याचा प्रयत्न त्याने केला. पण उठणे हीसुद्धा एक विद्या आहे, आणि तिचा त्याला सराव नव्हता. पुढेही तो झाला नाही. टायसनच्या साऱ्या कारकिर्दीत, तो खाली पडला आणि उठून जिंकला, अशी एकही लढत नाही. १९९६ साली इव्हॅन्डर होलीफील्डने त्याला अकराव्या फेरीत थांबवले. १९९७ च्या जूनमध्ये पुन्हा गाठ पडली, तेव्हा आपले चालत नाही असे दिसताच त्याने होलीफील्डचे कान चावले! जगाने त्याला रानटी म्हटले. मला त्यात लढतीतून बाहेर पडण्याचे दार शोधणारा माणूस दिसतो. माझा विद्यार्थी उत्तरपत्रिका देऊन बाहेर पडला; टायसन कान चावून बाहेर पडला. रीत वेगळी, पण दार तेच.

मधल्या काळात, १९९२ साली, बलात्काराच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली आणि तीन वर्षे तो तुरुंगात होता. या गोष्टीवर मनाच्या दुबळेपणाचे पांघरूण मी घालणार नाही. त्यात एका मुलीचे आयुष्य दुखावले गेले, आणि त्यापुढे कुणाच्या अजिंक्यपदाचे काय झाले हा प्रश्न लहान आहे. तरी एवढे म्हणावे लागते, की ज्याला स्वतःला आवरता येत नाही त्याची ताकद आधी दुसऱ्यांना जाळते आणि मग त्याला स्वतःला. म्हाताऱ्याने सांगितलेला तो विस्तव हाच. कोट्यवधी डॉलर मिळवलेला हा माणूस २००३ साली दिवाळखोर झाला, आणि २००५ साली एका सामान्य प्रतिस्पर्ध्यापुढे स्टुलावरून न उठताच त्याने लढत सोडली.

मग तुम्ही म्हणाल, कणखर कोण, तर डग्लस! त्या रात्रीपुरते, होय. पण गोष्ट इथे संपत नाही. आठ महिन्यांनी, २५ ऑक्टोबर १९९० रोजी, डग्लस होलीफील्डसमोर उतरला तेव्हा त्याचे वजन २४६ पौंड होते. टोकियोपेक्षा जवळजवळ पंधरा पौंड अधिक. तिसऱ्या फेरीत तो आडवा झाला आणि या वेळी उठला नाही. पुढे वजन वाढत गेले, मधुमेह जडला, १९९४ साली तर तो बेशुद्ध होऊन मरता मरता वाचला. आईच्या मृत्यूचे दुःख त्याने पेलले होते. यशाचे सुख त्याला पेलवले नाही. संकट माणसाला एका रात्रीपुरते कणखर करते, यात शंका नाही. पण सुखाच्या दिवसांत पहाटे उठवून धावायला लावील असे मन रोज घडवावे लागते.

तर मग असे मन असते तरी कुणाचे? याचे उत्तर शोधताना मला डामाटोचाच आणखी एक शिष्य सापडला. फ्लॉइड पॅटरसन. तोही ब्रुकलिनमध्ये वाढलेला, तोही लहानपणी चोऱ्या केल्यामुळे सुधारशाळेत गेलेला. १९५६ साली एकविसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला. टायसनने मोडला तो लहान वयाचा विक्रम याचाच. २६ जून १९५९ रोजी स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने त्याला एकाच फेरीत सात वेळा खाली पाडले. सात वेळा! पद गेले, लाज वाटली. पण जवळजवळ एका वर्षाने, २० जून १९६० रोजी, त्याच योहान्सनला पाचव्या फेरीत हरवून त्याने पद परत मिळवले. हेवीवेट गटात गमावलेले अजिंक्यपद परत मिळवणारा जगातला तो पहिला माणूस.

पॅटरसन काय लोखंडाच्या काळजाचा होता? मुळीच नाही. तो अतिशय लाजाळू आणि हळवा. १९६२ साली सनी लिस्टनकडून पहिल्याच फेरीत हरल्यावर तो चक्क खोटी दाढी लावून शिकागोहून निघून गेला, कारण लोकांना तोंड दाखवण्याची त्याला लाज वाटत होती! हरलो तर काय, या विचाराने ती दाढीची सोय त्याने आधीच करून ठेवली होती. पण गंमत अशी, की दाढी सामानात ठेवूनसुद्धा तो लढायला जात असे. पुढे तो सांगे, की सर्वांत जास्त वेळा पडलेला मीच, पण सर्वांत जास्त वेळा उठलेलाही मीच. मनाचा कणखरपणा म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला माझ्या पुस्तकांत सापडलेली नाही.

याच पॅटरसनने १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले होते. हेलसिंकी म्हटल्यावर तुमच्या-माझ्या मनात दुसरेच नाव येते, खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पहिलवानाने त्याच स्पर्धेत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. पण त्याच्या आधी चार वर्षे, १९४८ साली, तो लंडनला सहावा आला होता हे आपण विसरतो. तांबड्या मातीत वाढलेला गडी, मॅटची सवय नाही, नियम नवे. तो परत आला आणि चार वर्षे जे येत नव्हते ते शिकला. दुसऱ्या वेळी जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. लंडनहून पदकाशिवाय परतलेल्या विद्यार्थ्यासाठी एका शिक्षकाने घर गहाण टाकले, ही गोष्ट मला पदकाइतकीच मोठी वाटते.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. त्याला कच्चा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मीच त्याला काय शिकवले होते? त्याच्या हुशारीचे कौतुक केले, पहिल्या नंबराचे स्वप्न दाखवले. पेपर बिघडला तर काय करायचे, हे एका शब्दाने सांगितले नाही. आम्ही शिक्षक आणि तुम्ही आईबाप, मुलाच्या ९१ सेकंदांच्या विजयावर खूश होतो. त्याने एखादे गणित तीनदा चुकून चौथ्यांदा सोडवले, तर त्याच्या पाठीवर थाप पडत नाही. थाप द्यायचीच असेल तर त्या चौथ्या वेळेला द्या. शर्यतीत शेवटचा आला तरी मैदान सोडले नाही, त्याला द्या. आणि घरात स्वतःच्या फजितीच्या गोष्टी मुलांना ऐकवत जा. बाप कधी हरलाच नाही असे ज्या मुलाला वाटते, त्याला स्वतःच्या हाराचे भय दुप्पट वाटते.

मागच्या महिन्यात तो मुलगा माझे एक पुस्तक परत करायला घरी आला. दारातच उभा राहिला. मी त्याला आत बसवले आणि टोकियोची ती आठवी फेरी दाखवली. डग्लस पडला तिथे तो पुढे सरकून बसला. फिल्म संपल्यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, फॉर्म भरू का पुन्हा? पण परत पहिलाच प्रश्न गेला तर?"

मी म्हणालो, "तर दुसऱ्यापासून सुरुवात कर. तोही गेला तर तिसऱ्यापासून. एकही नाही आला तरी तीन तास बसून राहा. घंटा झाल्याशिवाय उठायचं नाही, एवढंच मला कबूल कर."

त्याने फॉर्म भरला आहे. परीक्षा अजून व्हायची आहे, तेव्हा निकाल मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण या खेपेस त्याला गुण किती पडले, हे मी आधी विचारणार नाही, असे मी मनाशी ठरवले आहे. घंटा होईपर्यंत बसला होतास का, एवढेच विचारीन. आणि तो 'हो' म्हणाला, तर त्याच्या पाठीवर थाप द्यायला मी विसरणार नाही.